कार्डावरची तारीख

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करतो. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावी एक खासगी रुग्णालय आहे, त्यांच्या गाडीवर. गाडी चालवणारा वेगळा. हा मागे, रुग्णाच्या उशाशी बसणारा. अकरा वर्षे झाली त्याला. लग्नकार्यात कोणी विचारले, "बेटा, काय करतोस?" तर "अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे" एवढेच तो सांगतो, आणि समोरचा त्याला ड्रायव्हर समजून पुढे जातो. त्यालाही आता त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

एका जुम्याला दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला. दस्तरखान उचलून झाल्यावर त्याने पाकिटातून एक छोटे कार्ड काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"खाला, ही तारीख वाचा."

मी चष्मा लावला. कार्ड प्रथमोपचाराच्या, म्हणजे बंद पडलेले हृदय हाताने दाबून चालू ठेवण्याच्या प्रशिक्षणाचे होते. आपण त्याला सीपीआर म्हणतो. असे कार्ड दोन वर्षे चालते. त्याच्या कार्डाची मुदत संपून नऊ वर्षे झाली होती.

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "आता रुग्णालयाची तपासणी व्हायची आहे. म्हणून फर्मान निघालं, की पंधरा दिवसांत नवीन कार्ड आणा, नाहीतर गाडीवर पाठवणार नाही. फी आमची, सुट्टी बिनपगारी. खाला, अकरा वर्षं मी माणसं उचलतोय. घाटात, पावसात, रात्री दोन वाजता. आता मला वर्गात बसून प्लास्टिकच्या पुतळ्याची छाती दाबून दाखवायची?"

एरवी मी त्याला समजावणीच्या दोन गोष्टी सांगितल्या असत्या. पण त्या दिवशी माझी जीभ उचलेना, कारण माझ्याच टेबलावर शिक्षक पात्रता परीक्षेचे, म्हणजे टीईटीचे पुस्तक उघडे पडले होते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे, पण माझी शाळा जिल्हा परिषदेची आहे. बी.एड. होऊन, बावीस वर्षे उर्दू शाळेत मराठी शिकवून, मी पुन्हा दीडशे प्रश्नांची तयारी करते आहे. निकाल ऐकला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मीही तेच म्हटले होते, जे माझा भाचा आता म्हणत होता.

म्हणून मी त्याला एवढेच म्हटले, "वर्गाला जाऊन ये. मग बोलू."

वर्गात काय झाले

वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, एका दिवसाचा. संध्याकाळी तो परस्पर माझ्याकडेच आला. चेहरा उतरलेला. दोन गोष्टी झाल्या होत्या. लेखी परीक्षेत पंचवीसपैकी एकवीस उत्तरे बरोबर हवी होती, त्याची सतरा आली. प्रश्न सगळे इंग्रजीत. पुन्हा बसायची संधी होती. पण त्याला लागले होते ते दुसरेच.

तिथल्या पुतळ्याला दिवे जोडलेले असतात. छाती किती खोल दाबली, मिनिटाला किती वेळा दाबली, दाबल्यावर हात पूर्ण वर घेतला की नाही, ते सारे त्यावर दिसते. सगळ्यांसमोर हा अकरा वर्षांचा अनुभवी माणूस पुढे झाला. त्याचा वेग निघाला मिनिटाला जवळजवळ एकशे चाळीस. आणि दर वेळी हात वर घेताना तो शरीराचा भार छातीवरच ठेवत होता. शिकवणारी तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुम्ही फार घाई करताय. हृदयाला भरायला वेळच मिळत नाही."

याला कारण होते. आपला भाचा शिकला २०१४ मध्ये. तेव्हा जे नियम शिकवले जात ते अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१० च्या सूचनांवर आधारलेले असत: मिनिटाला किमान १०० वेळा, आणि मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खोल. 'किमान' हा शब्द त्याने मनात धरला. जीव वाचवायचा तर जितके जोरात तितके बरे, असे कुणालाही वाटेल. २०१५ मध्ये त्या सूचनांना वरची मर्यादा आली. वेग १०० ते १२० च्या आत, खोली ६ सेंटिमीटरच्या पुढे नाही. वेग फार वाढला की हात वरवर चालतो, खोली कमी होते आणि दोन दाबांच्या मध्ये हृदयात रक्त परत भरत नाही, हे तोवर लक्षात आले होते. म्हणजे तो शिकल्यानंतर वर्षभरातच नियम सुधारला होता, आणि त्याला ते दहा वर्षे कुणी सांगितले नव्हते.

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "खाला, मधल्या त्या लोकांचं काय?"

मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने मी म्हटले, "जे शिकवलं होतं ते तू इमानाने केलंस. त्यांच्यापाशी तू होतास, हेही खरं आहे. पण आता कळलं आहे, तर पुढच्याला जुनं देऊ नकोस." हे उत्तर पुरेसे नव्हते, हे मला माहीत आहे. त्याच्या रात्री कशा गेल्या असतील तेही मी समजू शकते.

विद्या शिळी कशी होते

आपण शिक्षक मंडळी अनुभवाला फार मानतो. मानावेच. पण अनुभव चूकही पक्की करतो. मी नोकरीला लागले तेव्हा मुलांना सूर्यमालेत नऊ ग्रह सांगत होते. २००६ मध्ये प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळले गेले. त्यानंतरही किती शाळांच्या भिंतींवर नऊ ग्रहांचे तक्ते लटकत राहिले! तिथे नुकसान एका गुणाचे. अ‍ॅम्ब्युलन्सवर तेच नुकसान माणसाचे.

छाती दाबण्याची ही रीत तशी फार जुनी नाही. १९६० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवून दिले, की छाती न फाडता, बाहेरून हाताने दाबूनही थांबलेल्या हृदयातून रक्त फिरवता येते. यातले कौवेनहोवेन डॉक्टरही नव्हते, विजेचे अभियंते होते. त्याच्या थोडे आधी, त्याच शहरात पीटर सफार या डॉक्टरांनी तोंडाने श्वास देण्याची रीत पक्की केली होती. दोन्ही जोडून एक क्रम तयार झाला: आधी श्वासाचा मार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा. इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे ए, बी, सी. लक्षात ठेवायला सोपा.

पन्नास वर्षे जगाने हा क्रम पाठ केला. २०१० मध्ये तो बदलला. आता आधी छाती, मग मार्ग, मग श्वास. कारण साधे आहे. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू शिल्लक असतो, तो फिरवणारा पंप तेवढा बंद पडलेला असतो. तोंड पुसण्यात, मान वळवण्यात आणि श्वास द्यायला कचरण्यात जी मिनिटे जात, ती मेंदूला महाग पडत. पाण्यात बुडालेल्याची गोष्ट वेगळी, तिथे श्वासाचे महत्त्व मोठे. पण रस्त्यात, बाजारात, मशिदीच्या पायरीवर कोसळलेल्या माणसासाठी क्रम उलटा झाला. ज्याने १९९० मध्ये शिकून २०२० पर्यंत पुन्हा वर्गात पाऊल टाकले नाही, तो जुन्या क्रमानेच करत राहणार. मनापासून आणि पूर्ण आत्मविश्वासाने.

घशात घास अडकण्याचेही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच असोसिएशनने नव्या सूचना दिल्या. मोठ्या माणसाच्या घशात काही अडकले, त्याला बोलता-खोकता येत नसेल, तर आधी पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून पोटावर पाच झटके, असे आळीपाळीने करायचे. याआधी ते मोठ्यांसाठी फक्त पोटावरचे झटके शिकवत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटके द्यायचेच नाहीत. पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब. भगिनींनो, हे वाचून विसरू नका. खजुराची बी, बोराची आठळी, चण्याचा दाणा कुणाच्या घरात नसतो?

आणि नियम जरी मुळीच बदलले नाहीत, तरी हात विसरतो. छाती दाबण्याचे कसब सराव नसेल तर काही महिन्यांतच ढिले पडते, असे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. आपल्या घरातली पाठांतरे आठवा. ज्याने दौर सोडला त्याचे पाठ कच्चे झाले. कार्डावर दोन वर्षांची तारीख छापतात ती यासाठी.

परीक्षेची दुसरी बाजू

इथवर मी भाच्याच्या विरोधात बोलले. आता त्याच्या बाजूने बोलते.

वर ज्यांचे नाव आले ते पीटर सफार पुढे अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहरात आले. तिथे त्या काळी रुग्णाला रुग्णालयात न्यायला पोलिसांची गाडी येई. दोन पोलीस, एक स्ट्रेचर, मागे रुग्ण एकटा. काळ्या लोकांच्या हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या वस्तीत तर पोलीस यावेत की नाही हाच प्रश्न असे. १९६६ मध्ये सफारांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्यानंतर त्यांनी मनावर घेतले, की रुग्णालयाच्या दाराबाहेर, रस्त्यावरच उपचार सुरू झाले पाहिजेत.

१९६७ मध्ये त्या वस्तीतल्या फ्रीडम हाऊस नावाच्या संस्थेबरोबर त्यांनी काम सुरू केले. माणसे कोण निवडली? वस्तीतलीच, बेरोजगार, काळी मुले. काहींची शाळा अर्धवट सुटलेली, काही व्हिएतनामच्या लढाईतून परतलेली, काहींच्या नावावर जुने गुन्हे. लोक म्हणत, ही मुले कसली शिकतात. सफारांनी त्यांना सुमारे तीनशे तास शिकवले: शरीराची रचना, श्वासमार्ग, हृदय, जखमा, गाडी कशी चालवायची. त्या काळी देशात बहुतेक ठिकाणी अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या माणसाला साध्या पट्टी बांधण्यापलीकडे फारसे येत नसे. ही मुले डॉक्टरांनी थक्क व्हावे असे काम करू लागली.

१९७४ च्या सुमारास नॅन्सी कॅरोलाइन नावाची तरुण डॉक्टर त्यांची वैद्यकीय प्रमुख झाली. तिने त्यांना पुन्हा शिकवायला घेतले. हे पुन्हा शिकवणे कसे होते, ते शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाचे वाटते. ती त्यांच्याबरोबर गाडीत बसायची. रात्री केंद्रावर थांबायची. प्रत्येक फेरीनंतर काय बरोबर झाले, काय चुकले, यावर बोलायची, आणि जे कच्चे असेल त्याचा पाठ घ्यायची. घशात श्वासनळी बसवणे, हृदयाचा आलेख वाचणे, औषधे देणे, अशी रुग्णालयाबाहेर कुणी करू धजत नसे ती कामे त्या मुलांच्या हाती आली. सरकारने तिच्याकडे देशभरासाठी अभ्यासक्रम तयार करण्याचे काम दिले, आणि त्याची पहिली तालीम याच मुलांवर झाली. पुढे १९७९ मध्ये तिचे 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' हे पुस्तक आले. त्याच्या नव्या आवृत्त्यांवर नंतरच्या पिढ्या शिकल्या. म्हणजे देशभरातल्या कामगारांना ज्या मापाने मोजले गेले, ते माप हिल डिस्ट्रिक्टच्या या मुलांच्या हातांवर घडले होते.

आणि त्यांचे काय झाले? ऑक्टोबर १९७५ मध्ये पिट्सबर्ग शहराने स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. मुलांना नव्या सेवेत घेतले खरे. पण मग परीक्षा सुरू झाल्या. जे त्यांना कधी शिकवलेच नव्हते त्यावर प्रश्न. उत्तीर्ण नाही तर बाहेर. जुने गुन्हे असलेल्यांना काढले. जे उरले त्यांना अनेकदा रुग्णापासून दूरची कामे दिली, किंवा कमी अनुभवाच्या गोऱ्या माणसाच्या हाताखाली ठेवले. बरेच जण थोड्याच काळात निघून गेले. टिकलेल्यांत जॉन मून हे एक होते. ते हटले नाहीत, आणि पुढे त्याच शहराच्या सेवेचे सहायक प्रमुख झाले.

ही कहाणी वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. त्याच माणसांना दोनदा तपासले गेले. कॅरोलाइनने तपासले तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसली होती, आणि चूक सापडली की शिकवत होती. शहराने तपासले तेव्हा चूक सापडणे हाच हेतू होता. कागदावर दोन्ही ठिकाणी शब्द एकच: दर्जा.

म्हणून भाच्याची तक्रार मी झटकून टाकत नाही. नवा दर्जा आला की मी आता तीन प्रश्न विचारते. जे विचारणार ते आधी शिकवले का? शिकायला वेळ आणि पैसा कोणी दिला? आणि शिकणाऱ्याला कळेल अशा भाषेत ते होते का? भाच्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरे 'नाही' अशी होती. नऊ वर्षे झोपलेले रुग्णालय तपासणीच्या पंधरा दिवस आधी जागे झाले, आणि त्या झोपेची किंमत त्याने भरली. तरीही त्याच्या हाताचा वेग चुकलेला होता, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्या मोहल्ल्याची गाडी

आपल्याकडे चित्र आता बदलते आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्या गाडीत डॉक्टर असतो. २०२१ मध्ये संसदेने आरोग्य क्षेत्रातल्या सहायक व्यावसायिकांसाठी कायदा केला. अ‍ॅम्ब्युलन्सवरचा तंत्रज्ञ, ज्याला आजवर कुणी नीट नावही दिले नव्हते, त्याचा व्यवसाय या कायद्याच्या यादीत आला. कायदा म्हणतो, की पदविकेसाठी किमान २००० तासांचे शिक्षण हवे, ते दोन ते चार वर्षांत पसरलेले. आपल्या भाच्याने काही महिन्यांचा कोर्स केलेला. त्याच्यासारखी हजारो मुले आज रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यात आपल्या घरांतलीही बरीच आहेत. आज-उद्या त्यांच्यापुढे हा प्रश्न येणारच. तो दाराशी येईपर्यंत थांबू नका. पुढचे शिक्षण कुठे मिळते, कामावर राहून करता येते का, याची चौकशी आत्ताच करायला लावा.

पण मला अधिक काळजी वाटते ती मोहल्ल्याच्या गाडीची. गावोगावी आपल्या जमातींनी, मशिदींच्या कमिट्यांनी, तरुणांच्या मंडळांनी अ‍ॅम्ब्युलन्स घेतल्या आहेत. कोविडच्या दिवसांत याच गाड्यांनी सगळ्या जातिधर्माच्या लोकांना नेले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. गाडी घ्यायला वर्गणी भराभर निघते. तिच्यावर देणगीदारांची नावे लागतात. मग गाडीत ऑक्सिजनची नळकांडी ठेवली जाते आणि चावी एका भल्या माणसाच्या हाती दिली जाते. मागे रुग्णाजवळ कोण बसते? रुग्णाचा भाऊ, रडत. तिथे १९६६ च्या पिट्सबर्गमधल्या पोलिसांच्या गाडीत आणि आपल्या गाडीत फरक काय उरला?

आमच्या जमातीच्या सेक्रेटरींना, ते माझ्या वडिलांचे दोस्त, मी हे विचारले. ते म्हणाले, "बेटी, डिझेल आणि टायरचाच खर्च भागत नाही."

मी म्हटले, "चाचा, टायर झिजले की आपण बदलतो ना? माणसाच्या हातालाही ते लागतं."

ते हसले आणि विषय बदलला. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला, की गाडीचा चालक आणि दोन तरुण, असे तिघांना वर्गाला पाठवायचे ठरले आहे, फी जमात भरेल. दोन वर्षांनी पुन्हा पाठवायचे, हे वहीत लिहून ठेवा, असे मी कळवले. ते लिहिले की नाही, हे अजून मला पाहायचे आहे.

आपापल्या गावात तुम्हीही विचारा. गाडीत मागे बसणारा कोण, तो शेवटचा कधी शिकला, त्याच्या कार्डावर तारीख कोणती? रागाने विचारू नका. तो माणूस बहुधा कमी पगारावर किंवा फुकट काम करत असतो. पण विचारा.

उशीवरचा अभ्यास

भाच्याच्या दुसऱ्या परीक्षेला आठ दिवस होते. रोज इशानंतर तो यायचा. मी त्याचे इंग्रजी पुस्तक घेऊन एकेक वाक्य मराठीत उतरवत गेले. बावीस वर्षे उर्दू बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवते, तो अनुभव कामी आला. त्याला सगळे माहीत होते, फक्त इंग्रजी शब्द अंगावर येत होते. 'रिकॉइल' म्हणजे काय, हे तो वाचून सांगू शकत नव्हता. मी लिहिले, 'छाती पुन्हा पूर्ण वर येऊ देणे'. तो म्हणाला, "हेच तर त्या डॉक्टरबाई सांगत होत्या!" एका वहीत असे साठेक शब्द झाले. ती वही आता त्याच्या रुग्णालयातली इतर चार मुले वापरतात.

मग त्याने मला शिकवले. सतरंजीवर तक्क्या ठेवला, हाताची टाच कुठे ठेवायची, कोपर कसे ताठ, खांदे कसे हातांच्या बरोबर वर, ते दाखवले. मी दाबायला लागले आणि मिनिटभरात दम लागला. माझी मुलगी घड्याळ लावून मोजत होती. "अम्मी, नव्वदच झाले!" त्या दिवसापासून त्याच्या कामाविषयी माझ्या मनातला आदर वाढला. दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा असतो, तो का, हे पुस्तक न वाचता कळले.

दुसऱ्या वेळी त्याला पंचवीसपैकी चोवीस मिळाले. पुतळ्यावर त्याचा वेग एकशे दहा. नवे कार्ड घेऊन तो मिठाई घेऊन आला, आणि आत येताच माझ्या टेबलावरचे टीईटीचे पुस्तक उचलून म्हणाला, "खाला, आता तुमची पाळी. बसा, मी प्रश्न विचारतो."

बालमानसशास्त्राचा पहिलाच प्रश्न मी चुकले. तो काही बोलला नाही, फक्त वहीत खूण केली आणि म्हणाला, "हा उद्या पुन्हा."